जीप, कातळ आणि टिटवी

मुलांनो, 'जीप' म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे काय येते बरं? आत दाटीवाटीने बसलेली माणसे, टपावर बोचकी, कोंबड्यांची खुराडी आणि मागच्या फळीवर लोंबकळणारा क्लीनर! हो ना? आपल्याकडे तिला वडाप म्हणतात. मीही लहानपणी अशाच वडापने आजोळी जायची.

पण आज मी तुम्हाला जीपची वेगळीच गोष्ट सांगणार आहे. तिची सुरुवात झाली माझ्या चौथीच्या वर्गात. मी शिरूर तालुक्यातल्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे आई-वडील रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जातात. एकदा 'वाहने' हा पाठ चालू असताना एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, माझे पप्पा रांजणगावला जीपच्या कारखान्यात आहेत. टीव्हीत जीप मोठमोठ्या दगडांवरून चढते. ते खरं असतं, की सिनेमातल्यासारखं?"

आता आली का पंचाईत! मला उत्तर ठाऊक नव्हते. "मलाही माहीत नाही. पण सुट्टीत शोधून काढते आणि जूनमध्ये सांगते," असे मी कबूल केले. शिक्षकांनाही सुट्टीचा अभ्यास असतो, तो असा!

आधी थोडा इतिहास

जीपचा जन्म झाला युद्धासाठी. १९४० साली युरोपात दुसरे महायुद्ध पेटले होते. अमेरिकी सैन्याला हलकी, चिखलात-दगडात चालणारी, चारही चाकांना ताकद मिळणारी छोटी गाडी हवी होती. नमुना तयार करायला मुदत दिली अवघ्या ४९ दिवसांची! बँटम नावाच्या एका लहान कंपनीने ते आव्हान पेलले आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी पहिली गाडी हजर केली. पुढे विलिस आणि फोर्ड या कंपन्यांनी युद्ध संपेपर्यंत अशा सहा लाखांहून अधिक गाड्या बनवल्या.

'जीप' हे नाव कुठून आले, यावर मात्र आजही वाद आहे. एक मजेदार तर्क सांगते. पालक खाऊन ताकद मिळवणारा पॉपाय तुम्हाला माहीत आहे ना? त्याच्या चित्रकथेत १९३६ साली 'युजीन द जीप' नावाचा एक प्राणी आला. तो कुठेही शिरायचा, कुठूनही निघायचा. त्याच्यावरूनच सैनिकांनी गाडीला हे नाव दिले, असे काहीजण मानतात.

आपल्या देशात १९४७ साली, म्हणजे स्वातंत्र्य मिळाले त्याच वर्षी, मुंबईत महिंद्र कंपनीने विलिस जीपची जुळणी सुरू केली. आणि तब्बल सत्तर वर्षांनी, २०१७ साली, आपल्या रांजणगावात फियाट आणि टाटा मोटर्स यांच्या सामाईक कारखान्यात जीप कंपास बनू लागली. २०२१ साली तिथेच 'रँग्लर' या जीपची जुळणी सुरू झाली. तिच्या एका प्रकाराचे नाव आहे 'रुबिकॉन'. हे नाव लक्षात ठेवा हं, शेवटी पुन्हा लागणार आहे.

चौफुल्याला मामांची गाठ

माझे एक मामा दौंडला राहतात. लष्करात त्यांनी पुष्कळ वर्षे गाड्या चालवल्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी डिझेल जीप घेतली. ती माझ्याहून दोनच वर्षांनी लहान आहे! मी फोन केला, "मामा, तुमची जीप दगडांवर चढते का हो?" ते हसले. "जीप चढती का ते बघायला ये. पण पायात बूट घालून ये. निम्मी वाट चालावी लागंल."

जीपमधून जायचे तर चालायचे कशाला? मला काही उमगेना.

मे महिन्यात पहाटेच निघाले. न्हावरे मागे पडले. पारगावजवळ भीमेचा पूल ओलांडला आणि उजाडता उजाडता केडगाव-चौफुल्याला पोचले. दौंडहून पाटसमार्गे मामा तिथे आधीच आले होते. पुण्याच्या दिशेने यवत गाठले. यवतच्या दक्षिणेला भुलेश्वराची डोंगररांग आहे. काळ्या दगडातले, कोरीव कामाने नटलेले भुलेश्वराचे देऊळ तुमच्यापैकी काहींनी सहलीत पाहिलेही असेल. देवळापर्यंत पक्की सडक आहे. आम्ही मात्र त्या सडकेने गेलो नाही. डोंगराच्या पायथ्याशी मामांच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याची जमीन आहे. तिच्यातून एक जुनी गाडीवाट बंद पडलेल्या दगडखाणीकडे चढते. "मालकाला विचारल्याशिवाय आणि वनखात्याच्या हद्दीत गाडी घालायची नाही," हा मामांचा पहिला नियम. वाट जेमतेम दीड किलोमीटरची.

वाट कसली, दगडांचा जिनाच तो! भूगोलात तुम्ही शिकला आहात, की सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हारसाचे थरावर थर साचले. त्यातूनच आपला काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट, तयार झाला. काही थर कठीण, काही ठिसूळ. ठिसूळ थर झिजून त्याचा मुरूम होतो आणि कठीण थर पायरीसारखा पुढे राहतो. म्हणूनच या खडकाला 'ट्रॅप' म्हणतात. स्वीडिश भाषेत 'ट्राप्पा' म्हणजे जिना!

फुस्स! हवा सोडली

वाटेच्या तोंडाशी मामांनी जीप थांबवली आणि काय केले असेल? चारही टायरांतली हवा सोडायला लागले! मीटर लावून त्यांनी ३० पौंडांची हवा २० पौंडांवर आणली. मी म्हणाले, "अहो मामा, पंक्चर झाल्यावर आपण रडतो आणि तुम्ही मुद्दाम हवा काढताय?"

"फुगलेला फुगा दगडावर ठेव. टुणकन उडतो. अर्धा फुगवलेला ठेव. बसतो," मामा म्हणाले. अगदी खरे. हवा थोडी कमी असली, की टायर दगडाला लपेटून बसतो आणि घट्ट पकड घेतो. मात्र परत डांबरी रस्त्यावर येण्याआधी हवा भरावीच लागते, नाहीतर टायर तापून फुटू शकतो. त्यासाठी मामांनी छोटा पंप बरोबर घेतला होता.

मग पट्टे बांधले आणि मामांनी गिअरच्या दांडीशेजारची एक छोटी दांडी ओढली. त्या दांडीने दोन कामे होतात. एक म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या चाकांनाही मिळते. दुसरे काम जास्त गमतीचे आहे. चाके आणखी हळू फिरतात, साधारण अडीचपट हळू! तुम्ही म्हणाल, हळू करून काय फायदा? पहार आठवा. दगड उचकटताना पहारीचे लांब टोक हातभर खाली जाते, तेव्हा दगड बोटभर हलतो. पण हलतो की नाही? तसेच हे. वेग द्यायचा आणि त्याच्या बदल्यात ताकद घ्यायची.

मी स्टिअरिंगवरच्या त्यांच्या हातांकडे पाहिले. दोन्ही अंगठे बाहेर, चाकाच्या कडेवर. आत अडकवलेले नाहीत. पुढचे चाक दगडावर आपटले, की जुन्या गाडीचे स्टिअरिंग गर्रकन फिरते. अंगठा आतल्या दांड्यात असला तर मोडलाच म्हणून समजा.

आणि आम्ही निघालो. माणसाच्या चालीपेक्षाही हळू! इंजिन गुरगुरत होते, जीप डुलत होती. मला बैलगाडीत बसल्यासारखे वाटले.

दगड टाळायचा नाही

मधोमध एक मोठा धोंडा आला. मला वाटले, मामा तो दोन चाकांच्या मध्ये घेतील. पण त्यांनी सरळ त्याच्यावरच चाक चढवले! असे का? तुम्ही कधी जीपखाली वाकून पाहा. गाडी बंद असताना, मोठ्या माणसाला विचारून, बरं का! दोन चाकांच्या मध्ये, आसाला एक लोखंडी गोळा लोंबताना दिसेल. त्याच्या पोटात दातेरी चक्रे असतात. गाडीचा हा सर्वांत खाली आलेला भाग. धोंडा मध्ये घेतला तर तो नेमका यावर आपटणार. चाक धोंड्यावर ठेवले तर गोळाही वर उचलला जातो. म्हणून मामांचा दुसरा नियम, "दगड मधी घ्यायचा नाही, चाकाखाली घ्यायचा."

पुढे गुडघाभर उंचीची कातळाची पायरी आली. मामा खाली उतरले. चालत वर गेले, खाली आले, एक-दोन दगड पायाने हलवून पाहिले. मग म्हणाले, "आता तू उतर. पुढं उभी राहून वाट दाखव." आता कळले मला बुटांचे कारण!

वाट दाखवायच्या खुणा त्यांनी शिकवल्या. तळहाताने बोलावले, की गाडी पुढे घ्यायची. हात ज्या बाजूला दाखवला, त्या बाजूला वळायचे. मूठ बंद करून वर केली, की जागच्या जागी थांबायचे. खुणा एकाच माणसाने करायच्या. त्याने गाडीच्या सरळ रेषेत कधी उभे राहायचे नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तोंडाने 'डावीकडे, उजवीकडे' म्हणायचे नाही, हातानेच दाखवायचे.

मी बाजूला उभी राहून खुणा केल्या. पुढचे उजवे चाक पायरीला टेकले, क्षणभर थबकले, आणि मग मांजर भिंतीवर चढावी तसे अलगद वर गेले. धूर नाही, धूळ नाही, आरडाओरडा नाही. टीव्हीतल्यापेक्षा कितीतरी शांत! मी टाळ्याच वाजवल्या.

टिटिव्... टिटिव्...

माथा दोनशे पावलांवर राहिला होता. तेवढ्यात एक टिटवी ओरडत आमच्या डोक्यावर घिरट्या घालू लागली. पाठोपाठ दुसरी आली. इतकी जवळ, की तिच्या डोळ्यांपुढची लाल चामडी स्पष्ट दिसली. मामांनी लगेच ब्रेक लावला. "उगाच नाही ओरडत ती."

आम्ही उतरून जपून पावले टाकत शोधले. पहिल्यांदा काहीच दिसेना. मग अचानक दिसले! डाव्या चाकोरीत, खड्यांच्या मध्ये, चार अंडी. मातकट रंगाची, काळ्या ठिपक्यांची, निमुळती टोके आत करून ठेवलेली. हुबेहूब गोटेच. टिटवी झाडावर घरटे बांधत नाही, उघड्या जमिनीवरच अंडी घालते. तिने अंडी उंचावर घातली की पाऊस जास्त, असे गावाकडे म्हणतात. आम्हाला पावसाचे नाही, चाकाचे पडले होते. आणखी दहा हात गेलो असतो, तर?

वाट अरुंद. उजवीकडे कातळाची भिंत. डावीकडे मात्र वाळक्या गवताचा मोकळा माळ होता. मी म्हणाले, "मामा, गवतातून वळसा घालूया की. आपली जीप कुठंही चालते ना?"

मामांनी मान हलवली. "जीप चालती. पण हिनं वाटंवर अंडी घातली, तर गवतात आणखी कुणाकुणाची असतील? चंडोलाची, तित्तिराची. ती ओरडून सांगायलाही यायची नाहीत. अन् एकदा चाकोरी पडली, की पावसाळ्यात तिचा ओघळ होतो. माती जाती, गवत जातं." थोडे थांबून ते म्हणाले, "मागं फिरायचं."

मला वाईट वाटले. एवढे चढून आलो आणि माथा तर समोर दिसत होता. पण खरा कठीण भाग पुढेच होता. तिथे गाडी वळवायला जागाच नव्हती. सत्तर-ऐंशी पावले उलटे, रिव्हर्समध्ये उतरायचे आणि वाट दाखवायची मी!

मी मागे, उजव्या बाजूला, मामांच्या आरशात दिसेन अशी उभी राहिले. आता जीपच्या डाव्या हाताला एक खोल ओघळ होता. निम्मे अंतर नीट उतरलो. मग ओघळ किती लांब आहे ते पाहायला मी उताराकडे तोंड केले आणि घाबरून ओरडले, "डावीकडे घ्या, डावीकडे!"

झाली की चूक! माझे तोंड खाली, मामांचे तोंड वर. माझी डावी बाजू ती त्यांची उजवी. त्यांनी आपल्या डावीकडे घेतले आणि जीपचे मागचे चाक ओघळाकडे सरकले. कडेचा मुरूम खळ्कन खाली गेला. माझ्या पोटात गोळाच आला. मी वळून मूठ वर केली. "थांबा!"

जीप जागीच थांबली. चाक कडेपासून वीतभर होते, फक्त वीतभर. मामा रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, "आता तोंडानं नको. हातानं सांग." ते हळूच दोन हात पुढे गेले. मी खोल श्वास घेतला, जीपकडे तोंड केले आणि हाताने दाखवले. या वेळी चाक अगदी चाकोरीतून उतरले.

खाली रुंद जागेत पोचल्यावर मी म्हणाले, "मामा, माझ्यामुळं गाडी उलटली असती."

"चुकलीस खरी. पण मूठ वेळेवर वर केलीस. चूक सगळ्यांचीच होती गं. थांबायला उशीर झाला, तर मात्र माफी नाही." मुलांनो, हे वाक्य मी माझ्या वहीत लिहून ठेवले आहे.

जीप तिथेच ठेवून आम्ही टिटवीला लांबून वळसा घालत, पाय कुठे पडतोय ते बघत, माथ्यावर चालत गेलो. उत्तरेला भीमेच्या पाण्यावर पोसलेला हिरवागार ऊस पसरला होता. पुणे-सोलापूर लोहमार्गावरून एक आगगाडी अळीसारखी सरकत होती. मागे टिटवीचे ओरडणे थांबले होते. ती अंड्यांवर जाऊन बसली असणार.

माळ म्हणजे पडीक नव्हे

आपण गवताळ माळाला सहज 'पडीक' म्हणून टाकतो. पण इथून जवळच, बारामती तालुक्यातल्या सुप्याला, मयूरेश्वर अभयारण्य आहे ते अशाच माळासाठी. तिथे चिंकारा हरणे राहतात. लांडगा, कोल्हा, ससा, चंडोल या सगळ्यांचे घर म्हणजे माळरान. तिथे वाट सोडून गाडी घालणे म्हणजे कुणाच्या तरी स्वयंपाकघरातून मोटार नेण्यासारखेच आहे.

आता 'रुबिकॉन' आठवा. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातल्या सिएरा नेवाडा डोंगरांत सुमारे ३५ किलोमीटरची एक खडकाळ वाट आहे. तिचे नाव रुबिकॉन ट्रेल. १९५३ साली तिथे जीपवाल्यांची पहिली मोठी सामुदायिक सफर निघाली. त्याच वाटेचे नाव रँग्लर जीपला मिळाले. पण गाड्या वाढल्या, तशा डोंगरांच्या अंगावर जखमाही वाढल्या. तेव्हा १९८५ साली अमेरिकेच्या वनखात्याने एक मोहीम काढली. तिचे नाव 'ट्रेड लाइटली', म्हणजे 'पाऊल हलके टाका'. आखलेली वाट सोडू नका, ओल्या जमिनीत चाके फिरवू नका, कचरा परत आणा, ही तिची शिकवण. मामांनी ही मोहीम ऐकलेलीही नव्हती, पण नियम मात्र तेच!

पालकांनाही एक विनंती. अशा वाटेवर मुलांना न्यायचे, तर गाडी जाणत्या माणसाच्याच हाती हवी. अठरा वर्षे पूर्ण होऊन परवाना मिळेपर्यंत मोटार चालवायची नाही, मग वाट शेतातली असली तरीही.

करून पाहा

जूनमध्ये शाळा उघडल्यावर मैदानावर आम्ही एक खेळ केला. तुम्हीही करा. दोघांनी एक लांब काठी दोन टोकांना धरायची. सरळ चालताना दोघांची पावले सारखी पडतात. आता गोल वळा. आतला जवळजवळ जागीच फिरतो आणि बाहेरच्याला मात्र पळावे लागते! गाडीच्या चाकांचेही तसेच. बैलगाडीची दोन चाके आसावर आपापली सुटी फिरतात, म्हणून ती सहज वळते. मोटारीत इंजिनाला दोन्ही चाके फिरवायची असतात. म्हणून त्या लोखंडी गोळ्यात 'डिफरन्शियल' नावाची दातेरी चक्रे बसवलेली असतात. बाहेरच्या चाकाला ती जास्त फिरू देतात.

पण त्यात एक खोड आहे. एक चाक चिखलात किंवा हवेत असले, की तेच गरागरा फिरते आणि दुसरे स्वस्थ उभे राहते. उसाच्या फडात ट्रॅक्टर रुतला, की शेतकरीदादा पायाने एक पॅडल दाबतात. पाहिलंय का? ते पॅडल दोन्ही चाकांना एकत्र बांधते आणि ट्रॅक्टर बाहेर येतो. त्याला 'डिफरन्शियल लॉक' म्हणतात. रुबिकॉन जीपमध्येही अशीच सोय असते. म्हणजे तुमच्या दारातला ट्रॅक्टर आणि अमेरिकेतल्या डोंगरवाटेचे नाव मिरवणारी जीप एकाच युक्तीवर चालतात की नाही?

खेळ संपल्यावर ती प्रश्न विचारणारी मुलगी पुढे आली. "बाई, मग जीप दगडावर खरंच चढते?"

"चढते गं. पण हळू चढते. आणि मामांच्या जीपचं मला सगळ्यात काय आवडलं माहितीये? ती पटकन थांबली."

तिने क्षणभर विचार केला आणि गंभीरपणे म्हणाली, "मग आज घरी गेल्यावर पप्पांना सांगते, ब्रेक अगदी नीट बसवत जा म्हणून!"